नांदेडची वैरीण

"ही नंदा शेटे कोण?" ह्यांनी दारातूनच विचारलं. हातात एक पाकीट होतं आणि कपाळावर आठी.

मी शेंगा भाजत होते. मागं न वळता म्हणाले, "तुमच्याच घरात राहते. रोज तुमचं ताट वाढते."

ह्यांनी पाकिटावरचं नाव परत एकदा वाचलं. मग "हो की," म्हणून पाकीट ओट्यावर ठेवलं आणि दुकानाकडं निघून गेले. त्यांचा काही दोष नव्हता. लग्नात महानंदाची सुवर्णा झाली, शेटेची उंबरगे झाली, बार्शीची उस्मानाबादकर झाली. त्यानंतर नंदा म्हणून मला हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. मीच ते नाव विसरत चालले होते, तर ह्यांचं काय घ्या.

पाकिटावर पत्ता होता आमच्या माहेरच्या कापडदुकानाचा. भावानं तो खोडून आमचा घातला होता. आतली पहिली ओळ वाचली आणि शेंगा करपल्या त्या करपल्याच.

"नंदे, मी शकी. रेल्वेच्या चाळीतली. जिवंत आहेस ना?"

शकी म्हणजे शकुंतला. तिचे वडील रेल्वेत होते. बार्शीत आमचं घर आणि त्यांची चाळ यांच्यामध्ये एक बोळ होता, आणि त्या बोळात आम्ही दोघी दिवसभर सापडायचो. मठात प्रवचन चालू असलं की बाहेर काढून ठेवलेल्या चपलांचे जोड बदलायचे, एका पायाला दुसऱ्याची सोबत लावून द्यायची, आणि समोरच्या कट्ट्यावर बसून माणसं कशी लंगडतात ते बघायचं, हा आमचा आवडता उद्योग. मग एका उन्हाळ्यात आम्ही मावशीच्या लग्नाला गेलो. परत आलो तर चाळीतल्या त्यांच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड. वडिलांची बदली झाली, सगळे गेले. कुठं, ते कुणाला धड सांगता येईना. मी कितीतरी दिवस खिडकीशी बसून बोळाकडं बघत होते. आईनं शेवटी त्या खिडकीला पडदा लावला.

आणि आता इतक्या वर्षांनी हे पत्र. खुशाली दोन ओळींत उरकून बाई मुद्द्यावर आल्या होत्या. तिच्या मुलासाठी उस्मानाबादचं एक स्थळ आलं होतं. त्या भागात तिच्या ओळखीचं कुणी नाही. "तुला कुठं दिली ते माहीत नाही, पण बार्शीच्या माणसाला उस्मानाबाद म्हणजे अंगण. आणि तुझ्यासारखी बातमी काढणारी मी जन्मात दुसरी बघितली नाही. तर एवढं कर. बियाणाचं दुकान असलेल्या उंबरग्यांची मुलगी कशी आहे, आणि मुख्य म्हणजे तिची आई कशी आहे, ते काढ. मुलगी सासरी येऊन बदलते. तिची आई काही बदलत नाही."

मी पत्र मिटलं. परत उघडलं. उस्मानाबादेत बियाणाचं दुकान असलेले उंबरगे एकच होते, आणि पाकिटावर शिक्का नांदेडचा होता. नांदेडच्या धनशेट्टींचा मुलगा आमच्या राजेश्वरीला बघायला येणार होता. औषधाचं दुकान, मुलगा मन्मथ, आईचं नाव सौ. गिरिजा. हे सगळं कोरेमामांनी, म्हणजे मध्यस्थांनी, आम्हाला आधीच कळवलं होतं. तिचंही नाव बदललं होतं तर. ती गिरिजा झाली होती आणि मी सुवर्णा, आणि दोघी एकमेकींच्या विहिणी व्हायला निघालो होतो. हे फक्त मला ठाऊक होतं.

शहाण्या बाईनं अशा वेळी उलटटपाली खरं काय ते कळवलं असतं. मी दुपारी दार लावून घेतलं आणि लिहायला बसले.

"मुलगी गुणी आहे," मी लिहिलं. "नाक आईचं आलं आहे, पण नशिबानं जीभ आलेली नाही. आई म्हणजे काय सांगू. रंगानं बरी, अंगानं सुटलेली, जिभेला हाड नाही. नवऱ्याला वाटतं घर तो चालवतो, आणि तीही त्याला तसं वाटू देते. शेंगापोळी मात्र अशी करते की पंचक्रोशीत तोड नाही." शेवटचं वाक्य खोडावं की ठेवावं, याचा मी बराच विचार केला. ठेवलं. खाली नंदा शेटे म्हणून सही केली आणि पाकीट भावाकडं पाठवून बार्शीहून टाकायला लावलं.

तिचं उत्तर आलं. "बाई डांबीस दिसते. माझ्याशी पंगा घेईल का?"

मी लिहिलं, "घेईल. पण तू ऐकणारी थोडीच आहेस."

ह्या सगळ्या आनंदात मी एक गोष्ट बाजूला ठेवली होती, आणि ती गोष्ट घरात डोळ्यांसमोर वावरत होती. नाव राजी, पण राजी ती मुळीच नव्हती. बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली होती. औरंगाबादला एम.एस्सी.ला नाव लागलं होतं, वसतिगृहात जागाही मिळाली होती. ह्यांचं म्हणणं एकच होतं, शिकली तेवढं पुरे. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ती माझ्यापाशी आली, हातात भिजवलेल्या चुरमुऱ्यांचं पातेलं.

"आई, तू एकदा तरी बाबांना सांग."

"पाहुणे येऊन जाऊ देत," मी म्हणाले. "बघू मग."

"बघू म्हणजे लग्नाची तारीख बघू, हे मला कळतं," ती म्हणाली आणि सुसल्यासाठी कांदा चिरायला बसली. कांद्यानं येतं तेवढंच पाणी डोळ्यांत होतं की जास्त, ते मी बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला घाई झाली होती शकीला बघायची.

आले सगळे. कोरेमामा पुढं, मागं धनशेट्टी, मग तो मन्मथ, उंच आणि शांत मुलगा, आणि शेवटी सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेली, नीट विंचरलेली, जाडजूड बाई. मी दारात कुंकू लावलं तेव्हा तिनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं. विहीण बघावी तसं. ओळख म्हणून नव्हती. मी पदर आणखी पुढं ओढला आणि हसू आवरलं.

राजीला बघून झालं. पुरुषांची बोलणी पाऊस, बियाणं आणि औषधांच्या भावावर गेली. चालीप्रमाणं गिरिजाबाई घर बघायला आत आल्या. देवघर बघितलं, मागचं अंगण बघितलं, स्वयंपाकघरात येऊन पाटावर टेकल्या.

"आमच्याबद्दल काही चौकशी केलीत की नाही?" मी विचारलं.

"छे हो," ती म्हणाली. "घर बघितलं की माणसं कळतात. चौकशी कसली करायची?"

"मग विहिणीच्या जिभेला हाड नाही, हे कुणी कळवलं तुम्हाला?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. माझ्या कपाळाकडं, नाकाकडं, हनुवटीकडं बघत गेली. मग उठली, जवळ आली आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस काळानिळा होता.

"नंदे," ती म्हणाली. "मेले."

पदर तोंडात कोंबून आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती पाटावर बसली, मी फरशीवर. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "बायकांचं जमलं वाटतं."

तेवढ्यात राजी रिकाम्या कपबश्या घेऊन आत आली. आम्हाला तसं बघितलं. होणारी सासू आईच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे पुसतेय. तिनं कपबश्या मोरीत ठेवल्या, एक शब्द न बोलता, अगदी हळू, आवाज होणार नाही अशा बेतानं. आणि मागच्या दारानं अंगणात गेली.

माझं हसू तिथंच थांबलं. परक्या विहिणीपुढं मी गप्प बसले असते. सगळ्याजणी बसतात. पण शकीपुढं बसून खोटं बोलायची मला सवय नव्हती.

"शके, पोरीच्या मनात नाही," मी म्हणाले. "तुझ्या मुलाबद्दल काही नाही गं. तिला शिकायचंय. हे ऐकत नाहीत."

शकी दाराकडं बघत राहिली. बाहेर राजी तुळशीपाशी पाठमोरी उभी होती.

"मला आवडली होती गं," ती म्हणाली. "मला दिली तेव्हा मी नववीत होते. परीक्षा तोंडावर होती. पुस्तक मिटून ट्रंकेत ठेवलं ते ठेवलंच. ह्यांनी वाईट वागवलं नाही कधी, पण माझ्या सासूनं मला एकदा विचारलं असतं ना, तुला यायचं होतं का म्हणून, तर मी त्या बाईचे पाय धुऊन पाणी प्याले असते."

"मग आता काय करायचं? आम्ही नाही म्हणालो तर हे पुढच्याच आठवड्यात दुसरं स्थळ आणतील. कोरेमामांच्या पिशवीत काय कमी आहेत?"

शकीनं पदर खोचला. तिच्या डोळ्यांत तो जुना, चपला बदलतानाचा उजेड आला. मी तो लगेच ओळखला आणि मला जरा भीतीच वाटली.

"दुसरं स्थळ येणार नाही," ती म्हणाली. "मुलीत खोट काढली तर मुलीचं नुकसान. आईत खोट काढायची. अशी काढायची की उदगीरपासून नांदेडपर्यंत कुणी या दारात पाऊल टाकणार नाही. दोनेक वर्षं तरी. तुझी अब्रू जाईल मात्र."

"ती मी पत्रातच घालवलीय," मी म्हणाले.

"भांडता येतं ना अजून?"

"तुझ्याशी? ते कधी विसरले होते?"

ती पुढं गेली. मी सुसल्याची ताटली घेऊन मागोमाग. तिनं एक घास खाल्ला, ताटली खाली ठेवली आणि आवाज चढवून म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या हाताला मीठ फार दिसतंय."

"जीभ खारट असली की साखरही खारट लागते," मी म्हणाले.

हे म्हणाले, "अगं." धनशेट्टी म्हणाले, "छान झालाय की सुसला. मी दोनदा घेतला."

"तुम्ही गप्प बसा," शकी त्यांना म्हणाली. "तुम्हाला कुठं काय कळतं? ही बाई पहिल्या दिवशी उलटून बोलते, उद्या लेकीला काय शिकवून पाठवेल?"

"माझ्या लेकीला मी चांगलंच शिकवलंय. दुसऱ्याच्या घरी जाऊन ताटलीला नावं ठेवायला नाही शिकवलं."

एकदा सूर लागला आणि मग आम्हाला कुणी थांबवू शकलं नाही. पडद्याचा रंग निघाला, नांदेडचा उकाडा निघाला, माझं सुटलेलं अंग निघालं, तिचा सोनेरी चष्मा निघाला. कोरेमामा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं मान वळवून थकले. मन्मथ जमिनीकडं बघत होता. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. आणि त्या भरात माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"तुमच्यासारख्यांचा काय भरवसा? आज इथं, उद्या सामान बांधून पसार. मागं कुणी खिडकीशी बसून वाट बघत राहील, याची फिकीर नाही."

हे काही ठरलेलं नव्हतं. माझा आवाजही भांडणाचा राहिला नव्हता. शकी थबकली. मग तीही ओरडली, पण तिचा गळाही बदललेला.

"पसार झालो नाही आम्ही. निरोप घ्यायला आलो होतो. गाडी सुटायच्या आधी परत आलो होतो, धावत. दाराला कुलूप होतं."

"शेजारी निरोप ठेवता आला असता."

"ठेवला होता. तुमच्या त्या बहिऱ्या म्हातारीपाशी. तिनं सांगितला नाही तर त्यात माझा काय गुन्हा? मी वर्षभर वाट बघितली, कुणी येईल, कुणी विचारेल म्हणून."

"मला पत्ता ठाऊक असता तर चालत आले असते," मी म्हणाले. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघी एकमेकींकडं मारक्या म्हशीसारख्या बघत होतो.

"कोण पसार झालं?" ह्यांनी घाबरून विचारलं. "कसलं कुलूप?"

"मागच्या एखाद्या स्थळाचं असेल," कोरेमामा हळूच म्हणाले.

शकीनं नाक पुसलं आणि उठली. "उठा हो. या घराशी आपलं जमायचं नाही." मन्मथ सवयीनं माझ्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याला दंडाला धरून ओढला. जाताना दारात माझ्याजवळून गेली तेव्हा पुटपुटली, "शेंगापोळी राहिली." मी दार धाडकन लावलं, कारण मला परत हसू यायला लागलं होतं.

पुढचं काम तिनं मन लावून केलं. लातूरच्या लग्नात सांगितलं, उदगीरच्या बारशात सांगितलं. माझ्या बहिणीच्या सासरी ती गोष्ट पोचली तोवर मी पाहुण्यांच्या अंगावर ताटली फेकली होती. अहमदपूरला पोचली तेव्हा ताटलीत गरम आमटी होती. कोरेमामांनी आमचं नाव आपल्या पिशवीतूनच काढून टाकलं. हे महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मलाही ते दिवस जड गेले. हळदीकुंकवाला बायका माझ्या शेजारी बसायला बिचकत होत्या. पण दिवाळीच्या आधी एका सकाळी ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि राजीकडं न बघता म्हणाले, "घरात बसून तरी काय करणार आहेस? त्या औरंगाबादला अजून घेत असतील तर विचार." तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात ती गेली.

मग मी देवीचा नवस बोलले. वर्षातून दोनदा अंबाजोगाईला जाऊन योगेश्वरीची ओटी भरायची. नांदेडलाही एक बाई असाच नवस बोलली. आम्ही देवळाच्या ओवरीत सकाळपासून दुपारपर्यंत बसायचो, डबे सोडायचो आणि राहिलेली सगळी वर्षं उकरून काढायचो. एकमेकींच्या घरचं कार्य मात्र आम्हाला वर्ज्य होतं. मन्मथच्या लग्नाला मी जाऊ शकले नाही. तिनं पिशवीतून बुंदीचे लाडू आणले आणि सुनेचं कौतुक सांगितलं. राजी प्राध्यापक झाली, तिनं आपल्या पसंतीचा मुलगा आम्हाला दाखवला, त्या लग्नाला शकी येऊ शकली नाही. मी अल्बम तिथं नेला. एका फोटोपाशी ती फार वेळ थांबली, राजी हसत होती त्या. "बरं दिसतंय," एवढंच म्हणाली.

असं बरीच वर्षं बिनबोभाट चाललं. मग एकदा लातूरला कुणाच्या तरी लग्नात ह्यांची आणि धनशेट्टींची गाठ पडली. दोघं मांडवाबाहेर तंबाखू मळत बसले आणि दोघांच्याही लक्षात आलं की आपलं एकमेकांशी कधी वाकडं नव्हतंच. बायकांच्या पायी उगाच ओळख तुटली. त्यांनी तिथंच काहीतरी ठरवलं. आमच्या घरी फोन नव्हता, नाहीतर मी तिला सावध केलं असतं.

"या वेळी देवीला मीही येतो," हे एकदम म्हणाले.

"तुमचं दुकान?"

"दुकान राहील."

अंबाजोगाईला उतरलो तर देवळाच्या पायरीशी धनशेट्टी उभे, आणि शेजारी शकी, चेहरा लिंबू चोखल्यासारखा. ह्यांनी घसा खाकरला. "हे बघा," ते म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. वय झालं आता. देवीच्या दारात आलाय, दोघींनी एकमेकींना कुंकू लावा आणि विषय संपवा."

"मी नाही लावणार," शकी म्हणाली. इतक्या वर्षांचं सोंग तिला असं फुकट सोडवत नव्हतं.

"मला कुठं हौस आहे?" मी म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

धनशेट्टी हात जोडून विनवण्या करायला लागले. हे मला समजावत होते, माझ्याच चांगुलपणाचे दाखले देत होते, जे त्यांनी घरी कधी दिले नव्हते. ते ऐकावेत म्हणून मी आणखी जरा ताणून धरलं. आता शकी वळणार, मग मी वळणार, असा बेत आम्ही नजरेनंच ठरवला होता. तेवढ्यात पायरीवर ओटीचं सामान विकणारी बाई टोपली सरकवत जवळ आली आणि आमच्याकडं निरखून बघायला लागली.

"आज काय झालं दोघींना?" ती म्हणाली. "नेहमी तर एका डब्यात जेवता. मालकांना घेऊन आलात म्हणून लाजता की काय?"

देवळातली घंटा दोनदा वाजली. हे माझ्याकडं बघत होते, मग शकीकडं, मग परत माझ्याकडं. धनशेट्टींनी टोपी काढून डोकं पुसलं.

"उंबरगे," ते म्हणाले, "इथं जवळपास चहा बरा मिळतो का?"

"बघू या," हे म्हणाले. आणि दोघं पायऱ्या उतरून गेले, मागं न बघता.

परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसले होते. केज गेलं, कळंब गेलं. येडशीचा घाट आला तेव्हा त्यांनी विचारलं, "राजीला ठाऊक आहे हे?"

"तिच्यासाठीच तर केलं. तिला त्याच दिवशी सांगितलं."

"आणि तो मन्मथ?"

"त्याला त्याच्या आईनं सांगितलं. घरी पोचायच्या आत."

"तुझा भाऊ?"

"पत्रं त्याच्यामार्फतच यायची."

ते परत बाहेर बघायला लागले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हणजे ठाऊक नव्हतं असं कोण होतं?"

"तुम्ही दोघं," मी म्हणाले. "आणि कोरेमामा."

"कोरेमामांना सांगायचं नाही," हे लगेच म्हणाले, आणि जागेवर नीट सरकून बसले. त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत चाललं होतं.